काकींचे दडपे पोहे

उर्मिला आगासकर डॉक्टर झाली तेव्हा अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गिरगावातल्या घराच्या दारावर तिच्या नावाची पितळी पाटी लावून घेतली. रस्त्याकडच्या खोलीतला भाडेकरू मोठ्या मिनतवाऱ्या करून काढला, तिथं बाकं आणि हिरवा पडदा आणून टाकला आणि ते पेशंटची वाट बघत बसले. कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेला माणूस, वाट बघायची सवय दांडगी. पण पोरगी म्हणाली, मला दवाखाना काढायचाच नाही. मला डी.पी.एच. करायचंय.

"ते काय असतं?"

"सार्वजनिक आरोग्य, अप्पा. लोक आजारी पडल्यावर औषध देत बसण्यापेक्षा ते आजारीच पडू नयेत म्हणून काम करायचं."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. "लोक आजारीच पडले नाहीत, तर डॉक्टरनं खायचं काय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पुढे डी.पी.एच.च्या अभ्यासक्रमातही तिला कुठे सापडलं नाही.

परळच्या कॉलेजात तिचं नाव दाखल झालं आणि घरात जेवताना गटारं, माश्या, संडास आणि विहिरी ह्यांच्या गोष्टी निघू लागल्या. अप्पांनी त्या बंद केल्या. एका स्थळाकडच्या मंडळींनी "मुलीचा विषय कोणता?" म्हणून विचारलं, तेव्हा अप्पांनी लाजेकाजेस्तव "पाणीपुरवठा" असं सांगून टाकलं. मुलगी इंजिनिअर आहे अशी समजूत करून घेऊन ती मंडळी चहा अर्धा टाकून निघून गेली. त्यानंतर स्थळंही थांबली.

उर्मिलाच्या बाजूनं उभं राहिलं ते एकच माणूस, राजलक्ष्मीकाकी. अप्पांच्या थोरल्या भावाची ही बायको. ऐन तारुण्यात विधवा झालेली. उर्मिलाची आई गेली तेव्हा उर्मिला धड बोलतही नव्हती. काकींनी तिला पदराखाली घेतलं ते घेतलंच. डी.पी.एच. म्हणजे काय हे काकींना कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. "पोर शिकतेय ना भावोजी? मग शिकू द्या की," एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला होता. घरात अप्पांचा आवाज मोठा, पण चालायचं काकींचं.

मात्र काकींनी एक अट घातली. परळहून आलं की पुढच्या दारानं घरात शिरायचं नाही. मागच्या दारानं यायचं, अंगावरचा तो पांढरा कोट मोरीशेजारच्या बादलीत टाकायचा, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग माणसांत यायचं. आणि एवढं करूनही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पान उंबऱ्याबाहेर वाढलं जाईल. "तुझ्या त्या परळ-लालबागच्या रोगांना माझ्या चुलीपाशी थारा नाही," काकी म्हणायच्या.

उर्मिलाला ह्याचा राग यायला हवा होता. उलट तिला कौतुकच वाटलं. काकींचं स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. पिण्याच्या पाण्यावर दुहेरी फडकं, पितळ्या चिंचेनं लखलखीत, ताटावर माशी बसली तर सबंध पान टाकून द्यायच्या. काकी सोवळ्यानंच स्वयंपाक करायच्या आणि नळाच्या धारेखाली दहादा हात धुवायच्या. साबण तेवढा त्यांना चालत नसे. साबणात चरबी असते, ती सोवळ्याला कशी चालणार? वर्गात एकदा 'आदर्श घरगुती स्वच्छता' ह्या विषयावर बोलताना उर्मिलानं ह्याच स्वयंपाकघराचं वर्णन केलं. साबणाचं सांगायचं राहून गेलं. तिचे प्राध्यापक, डॉक्टर जयवंत, कुणाची स्तुती करणारे नव्हेत. तेही म्हणाले, "असं एकेक स्वयंपाकघर प्रत्येक वाडीत असतं, तर आपल्याला हा वर्ग बंद करावा लागला असता."

ते छप्पन्न साल होतं. मुंबई कुणाची, ह्यावरून सगळं शहर पेटलं होतं, आणि ठाकूरद्वारच्या पलीकडे सहसा न जाणाऱ्या काकीसुद्धा समितीच्या सभांना जाऊन घसा बसवून येत होत्या. नारळ खवतानाही "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" आणि प्रत्येक "झालाच पाहिजे"ला खवणीवर एक जोराचा हात. अप्पा म्हणायचे, वहिनींमुळे महाराष्ट्र मिळेल की नाही ठाऊक नाही, पण खोबरं बारीक पडतं.

लालबागच्या बायकांनी दिवसभराचं धरणं धरायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या खाण्याची सोय इतर भागांतल्या बायकांनी वाटून घेतली. दादरकरणींनी पोळी-भाजी दिली. गिरगावातून गेले काकींचे दडपे पोहे.

ह्या पोह्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच आलं. पातळ पोहे घ्यायचे, त्यांत ओला नारळ, नारळाचं पाणी, काकडी, मिरची, कोथिंबीर, जरासं लिंबू. चूल लागते ती फक्त वरच्या फोडणीपुरती. सगळं परातीत हातानं कालवायचं, वर झाकण घालून त्यावर पाटा ठेवायचा आणि तासन्‌तास दडपून ठेवायचं. हातानंच कालवायचं. एकदा एका शेजारणीनं डाव पुढे केला तर काकींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बाई पुन्हा त्या स्वयंपाकघरात आली नाही. "डावानं कालवलेले पोहे म्हणजे ओली पेंड. चव माणसाच्या हातातून उतरते," हे काकींचं ठाम मत. सगळ्या वाडीचंही तेच मत होतं.

धरणं झकास झालं. आणि दोनेक आठवड्यांनी लालबागच्या चाळींतून विषमज्वर सुरू झाला.

जयवंत सरांनी उर्मिलाला बोलावून घेतलं. "तुला प्रबंधासाठी साथ हवी होती ना? ही घे. ती कुठून आली ते शोधून काढ. उगम नावागावानिशी सापडला तर डिप्लोमा. नाही सापडला तर पुढच्या वर्षी पुन्हा बस." सार्वजनिक आरोग्यात विद्यार्थ्याचं भलं व्हायला लोकांना आधी ताप यावा लागतो, हे उर्मिलाच्या तेव्हा ध्यानात आलं. पण आनंद झाला तो झालाच. तिला त्याची जरा लाजही वाटली.

ती चाळी पालथ्या घालू लागली. पहिल्याच दिवशी तिला चिंतामणी भेटला. हा गिरणीत कारकून आणि समितीचा कार्यकर्ता. गळ्यात उपरणं, बसलेला आवाज आणि बोलताना डोळे मोठे करण्याची सवय. तो तिच्याबरोबर जिने चढला, लोकांना "आपल्या बाई आहेत, सांगा बिनधास्त" म्हणाला आणि मग गॅलरीत तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, येवढी कशाला वणवण करता? तुम्ही फक्त येवढंच लिहा, धरण्याच्या मैदानातल्या पाण्याच्या पिंपात सरकारनं कायतरी घातलं. बाकीचं आम्ही बघतो."

"पण तसं झालंय का?"

"झालंच असणार ना! नायतर येवढ्या बायका येकदम कशा पडल्या?"

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातल्या साहेबांकडे नकाशे मागायला गेली, तर साहेबांनी बसायलाही न सांगता सल्ला दिला, "कशाला हिंडताय उन्हात? अस्वच्छ राहणी, कोंदट खोल्या, अज्ञान. लिहून टाका. मी दर वर्षी तेच लिहितो." दोघांनाही साथीपेक्षा तिचं कारण हवं होतं, आणि दोघांकडेही ते तयार होतं.

उर्मिलाला दोन्ही पटेनात. राहणी वाईट म्हणावी तर एकाच खोलीत राहणारे पुरुष ठणठणीत कसे? आजारी सगळ्या बायका, आणि काही पोरं. पाणी म्हणावं तर प्रत्येक चाळीचा नळ वेगळा. पिंपातलं पाणी म्हणावं तर बंदोबस्ताचे पोलीसही तेच प्यायले होते आणि ते अजून गुबगुबीत होते. म्हणजे पाणी नव्हे, खाणं. तिचं मन आनंदानं उड्या मारायला लागलं. पोळी-भाजीवर तिचा दाट संशय होता. दादरकरांविषयी गिरगावकरांच्या मनात तो असतोच.

अशातच शकू गेली. एकोणीस वर्षांची पोर, धरण्यात सगळ्यांत पुढे बसून घोषणा देणारी. औषध मिळालं, पण उशिरा मिळालं. तिची आई कांता स्वतः तापातून नुकतीच उठली होती. भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे ठणठणीत. उर्मिलाला काही विचारवेना. पण विचारणं हेच तर तिचं काम होतं.

"त्या दिवशी शकूनं काय खाल्लं होतं, कांताबाई?"

"काय खातली? पोळी-भाजी दुसऱ्यांका वाटून टाकल्यान. आपण खाल्ल्यान नुसते ते गिरगावचे पोये. माकाय आणल्यान पुडी बांधून." कांताच्या चेहऱ्यावर तेवढ्यात काहीतरी उजळलं. "काय चव होती गे बाय! अजून तोंडात आसा."

उर्मिलानं "बरं" म्हटलं आणि ती उठली. मग ती पुन्हा आधीच्या सगळ्या बिऱ्हाडांत गेली आणि फक्त एवढंच विचारत सुटली. ज्या ज्या घरात ताप होता, त्या त्या घरात पोह्यांची तारीफ झाली. एकीनं तर कृती विचारली. जिना उतरताना उर्मिला मध्येच थांबली. तिनं कठड्याला धरलं, आणि इतकी वर्षं घरात ऐकलेली, पाठ असलेली, कधी विचार न केलेली एक गोष्ट तिला वेगळ्याच क्रमानं आठवायला लागली.

काकी लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी विषमज्वरानं मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. ही घरातली आवडती गोष्ट. नवस, अंगारा, सगळं तिच्यात होतं. पुढल्याच वर्षी काका त्याच तापानं गेले. मग मागच्या खोलीतला एक विद्यार्थी. मग उर्मिलाची आई. अप्पा आणि खुद्द उर्मिला तापून बरे झालेले. मोलकरणी टिकत नसत. एक आली की महिन्या-दोन महिन्यांत ताप येऊन गावी जायची. घराला काहीतरी आहे म्हणून अप्पांनी दोनदा वास्तुशांत केली होती, मागची विहीर बुजवली होती, दाराची दिशासुद्धा बदलली होती. आणि दर वास्तुशांतीला शेकड्यानं माणूस काकींच्या हातचं जेवून, तृप्त होऊन गेलं होतं.

पुस्तकात अशा माणसांवर एक आख्खं प्रकरण होतं. ताप जातो, माणूस खडखडीत बरा होतो, पण जंतू पित्ताशयात घर करून राहतात, वर्षानुवर्षं. त्याला स्वतःला काही होत नाही, होतं ते त्याच्या हातचं खाणाऱ्यांना; अशा माणसाला वाहक म्हणतात. उर्मिलाला ते प्रकरण तोंडपाठ होतं. त्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघाही मारल्या होत्या.

पण पुस्तक म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी नमुना पाहिजे, आणि विषमज्वराच्या वाहकाचा नमुना म्हणजे काय, हे इथं अधिक फोड करून सांगायला नको. दिवसातून दोनदा सोवळं नेसणाऱ्या बाईकडे ती गोष्ट, झाकणाच्या डबीत, मागायची कशी? उर्मिलानं तीन डब्या आणल्या आणि परीक्षेसाठी घरातल्या सगळ्यांचे नमुने लागतात असं सांगून टाकलं.

अप्पा ताडकन उठले. "आता हेच राहिलं होतं! ह्यासाठी तुला शिकवली?" ते जे फिरायला गेले ते जेवायलाच परतले.

काकी मात्र डबी हातात घेऊन विचार करत होत्या. तुळशीला पाणी घालताना नसायचा तेवढा गंभीरपणा त्यांच्या चेहऱ्यावर होता. "ह्यानं तुला मार्क मिळतात?"

"हो, काकी."

"मग त्यात लाजायचं काय? मी देते."

आणि त्यांनी दिली. वर आणि शेजारच्या मीनाक्षीबाईंना सांगितलं, की उर्मिलाच्या परीक्षेला माझाही हातभार लागलाय. कसला, ते सुदैवानं सांगितलं नाही.

प्रयोगशाळेतून निकाल आला तो शनिवारी. शंकेला जागा नव्हती. उर्मिला मागच्या दारानं घरी आली, कोट बादलीत टाकला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ते बराच वेळ घेत राहिली. बाहेर आली तर काकी उंबऱ्यात वाट बघत उभ्या.

"काय गं, पास झाला का माझा नमुना?"

"पहिला आला, काकी."

काकींचा चेहरा फुलला. त्यांनी तिच्या तोंडासमोरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि तिच्या हातावर साखर ठेवली. उर्मिलानं ती खाल्ली. आता सांगायचंच, असं तिनं तेव्हाच ठरवलं, आणि सांगितलं नाही. उद्या रविवार होता. निवांतपणे सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी ती जागी झाली ती खवणीच्या आवाजानं. खर्र, खर्र, झालाच पाहिजे. ती धावत उंबऱ्यापर्यंत आली. आत घरातली सगळ्यांत मोठी परात, आणि तिच्यात पोह्यांचा डोंगर. बाजूला नारळाच्या कवट्यांचा ढीग.

"हे कशाला, काकी?"

"अगं, आज त्या शकूची शोकसभा नाही का? तो चिंतामणी आला होता. धरण्यातले पोहे बायका अजून आठवतात म्हणे. म्हटलं, तिच्या आईच्या तोंडी तरी दोन घास जातील." काकींचे डोळे भरून आले. त्यांनी ते दंडानं पुसले, हात पोह्यांत होते म्हणून. "माझ्याच्यानं तिच्यासाठी दुसरं काय होणार बाई!"

"काकी, आज पोहे नको. भाजके चणे देऊ."

"चणे? शोकसभेला? लोक काय म्हणतील?"

"मग शिजवलेलं काहीतरी कर ना. उकळलेलं."

"आता ह्या वेळी? आणि चमत्कारिक काय बोलतेस? बरं नाही का तुला?" काकींनी नारळाचं पाणी ओतलं आणि कालवायला घेतलं. सावकाश, प्रेमानं, बोटांच्या पेरापेरांतून.

उर्मिलानं तोंड उघडलं. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. पण ज्या बाईनं आपल्याला तिच्याच हातानं पहिला भात भरवला, तिला ते वाक्य सांगणारी जीभ कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. दारात चिंतामणीनं पाठवलेली हातगाडी येऊन थांबल्याचं ऐकू आलं.

ती मागे वळली. मोरीशेजारच्या बादलीतून तिनं कालचा कोट काढला, तो तसाच ओलागच्च अंगात घातला. पायात चपला सरकवल्या. आणि आंघोळ न करता, पारोशी, चपलांसकट, तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराचा तो उंबरा ओलांडला. काकी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत खुपसले.

काकींचे हात पोह्यांतच राहिले. थोडा वेळ चारही हात त्या परातीत होते.

"बाहेर हो," काकी शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी लहान होता.

मग त्यांनी परात उचलली. आयुष्यात एवढं अन्न कधी न टाकलेल्या त्या बाईनं ते सगळे पोहे परसातल्या खड्ड्यात उपडे केले आणि वर माती लोटली. बाटलेलं अन्न त्या माणसांना कसं देणार? काकी ते जनावरालाही देणार नाहीत, हे उर्मिलाला ठाऊक होतं. दोन वर्षं ज्या नियमानं तिला रोगाची पेटी म्हणून उंबऱ्याबाहेर बसवलं होतं, तोच नियम त्या दिवशी लालबागच्या उपयोगी पडला. डी.पी.एच.च्या दोन वर्षांत तिच्या हातून झालेलं हे पहिलं खरंखुरं रोगप्रतिबंधक काम. ते करताना ती हमसून हमसून रडत होती आणि अप्पा "पोरीला वेड लागलं, कोट घालून घुसली" असं ओरडत घरभर फिरत होते.

शोकसभेत चणे वाटले गेले. चिंतामणीचं भाषण झालं, सरकारनं पाजलेल्या पाण्यावर. माणसं चवताळून उठली. शकूचा मोठा फोटो, त्याला हार. कांता सगळ्यांत पुढे बसली होती. सभा संपल्यावर तिनं उर्मिलाचा हात धरला. "माझा चेडू महाराष्ट्रासाठी गेला ना गो, बाय?"

उर्मिला खरं शोधायला शिकली होती. ते कुणाला सांगायचं, हे अजून शिकायचं होतं. ती "हो" म्हणाली.

जयवंत सरांपुढे तिनं काहीच लपवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ते आदर्श स्वयंपाकघर?"

"हो, सर."

"वर्गात मी काय म्हणालो होतो ते विसर. मीही विसरतो." मग नियम सांगितला. वाहकाचं नाव खात्याला कळवायचं. पित्ताशय काढून टाकायचं, नाहीतर त्या व्यक्तीनं कुणासाठीही रांधायचं नाही आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली राहायचं. ह्या वयात शस्त्रक्रियेचा धोका नको, असं दोघांचं मत पडलं. देखरेख करणारा डॉक्टर म्हणून खात्यात डॉक्टर उर्मिला आगासकर हेच नाव लागलं. डिप्लोमा पुढे रीतसर मिळाला. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा दिला, की विद्यार्थिनीनं उगम फार थोड्या वेळात शोधला. सव्वीस वर्षं तिचं पान उगमाशेजारीच वाढलं जात होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अशा रीतीनं तिच्या सार्वजनिक आरोग्यातल्या कारकिर्दीची पहिली नेमणूक झाली ती गिरगावात, राहत्या घरी, चुलीपाशी.

चुलीपाशी तिला बसवलं ते मात्र काकींनीच. "बाटवलंस ना? मग आता तूच सांभाळ," एवढं बोलून त्या माजघरात जपाची माळ घेऊन बसल्या, आणि तिच्याशी बोलेनाशा झाल्या. उर्मिलाला भाताखेरीज काही येत नव्हतं, आणि भातही येतो असा फक्त तिचा समज होता. आमटी खारट, भाजी करपलेली, पोळ्या चिवट. वाडीत मात्र आनंदीआनंद झाला. डॉक्टरीण शेवटी स्वयंपाकाला लागली! मीनाक्षीबाईंनी ही बातमी इतकी लांबवर नेली, की बंद पडलेली स्थळं पुन्हा यायला लागली. अप्पा प्रत्येक घासाला डोळे मिटायचे आणि स्थळांना सांगायचे, मुलगी उत्तम सुगरण आहे.

उर्मिलानं मोरीत स्वतःसाठी कार्बोलिक साबणाची लाल वडी ठेवली होती. ती भराभर झिजायला लागली. आधी तिला वाटलं अप्पा वापरत असतील. मग एका संध्याकाळी तिनं माजघरात दिवा लावताना काकींचे हात पाहिले. लाल झालेले, नखांपाशी सोलवटलेले. साबणाला चरबी म्हणून न शिवणारी बाई.

पानं मांडली. अप्पा एका बाजूला, काकी दुसऱ्या. बऱ्याच दिवसांनी काकी तिच्याशी बोलल्या, वाढणाऱ्या हाताकडे बघत.

"माझा नमुना पहिला आला म्हणालीस. कशात गं पहिला आला?"

उर्मिलाची पळी आमटीतच थांबली.

"ती शकू माझ्या पोह्यांनी गेली ना?"

खोटं बोलायला वेळ होता, पण काकी तिच्याकडे सरळ बघत होत्या. "हो, काकी," उर्मिला म्हणाली.

काकींनी मान हलवली. जणू बाजारभाव विचारला होता आणि अंदाजाप्रमाणेच निघाला. अप्पा घास हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग काकींनी अगदी हळू विचारलं, "आणि तुझी आई?"

"आईला न्यूमोनिया होता," उर्मिला म्हणाली. एका दमात म्हणाली. "मी हॉस्पिटलचे कागद बघितलेत, काकी. नीट बघितलेत."

उर्मिलाची आई हॉस्पिटलात गेलीच नव्हती. ती ह्याच माजघरात, तापानं बरळत, काकींच्या मांडीवर डोकं ठेवून गेली होती. ही गोष्ट काकींइतकी दुसऱ्या कुणाला माहीत असणार! अप्पांनाही माहीत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि काकींच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

काकींनी उर्मिलाकडे पाहिलं. "असं होय," त्या म्हणाल्या. "मग बरं."

त्यांनी पान पुढे ओढलं, भातात आमटी कालवली आणि एक घास घेतला. त्या दिवशी उर्मिलानं मीठ बहुधा दोनदा घातलं होतं. काकींनी तो घास गिळला, पाणी प्यायल्या नाहीत.

"छान झालीय हो आमटी," त्या म्हणाल्या. "वाढ आणखी थोडी."